नदीत उतरणाऱ्यांची बाजू

ऋषिकेशहून परतलेल्या कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन तक्रारी असतात. चारधामच्या बसमधून गेलेली वडीलधारी मंडळी म्हणतात, "आता तिथं पहिल्यासारखं काही राहिलं नाही. पोरं हेल्मेट घालून गंगेतनं आरडाओरडा करत जातात. पावित्र्य कुठं उरलंय?" त्याच घरातली पंचविशीतली मुलं म्हणतात, "राफ्टिंग एक नंबर, पण एका रात्रीत काय होणार? गाव बघायलाच मिळालं नाही." पहिल्या तक्रारीवर आपण सगळे माना डोलावतो आणि दुसरी पोरांची हौस म्हणून सोडून देतो. मला वाटतं, विचार करण्याजोगी तक्रार दुसरीच आहे. पहिलीत संशय चुकीच्या माणसावर घेतलेला आहे.

हिमालयाच्या पायथ्याच्या या गावात साधना आणि साहस यांचं भांडण लागलंय, असं चित्र गेली कित्येक वर्षं रंगवलं जातंय. एका बाजूला जप, ध्यान, आरती. दुसऱ्या बाजूला राफ्ट, बंजी, कॅम्प. यातलं एक ठेवायचं तर दुसरं घालवावं लागेल, असा त्याचा सूर. माझं म्हणणं वेगळं आहे. गंगेत राफ्ट घेऊन उतरणारा माणूस नदीचा शत्रू नाही. नदीला आज जे थोडेफार पाठीराखे उरलेत त्यांच्यातलाच तो एक आहे. नदीला ज्यांच्यापासून धोका आहे, ते बहुतेक जण नदीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. आणि हे मी कोल्हापुरात बसून ठामपणे म्हणतो, कारण माणसं नदीत उतरायची थांबली की नदीचं काय होतं, हे पंचगंगेच्या काठावर राहून आपण डोळ्यांनी पाहिलंय.

साधनेची परंपरा ऋषिकेशला पक्की आहे, त्याबद्दल वाद नाही. मलायातली डॉक्टरकी सोडून आलेले स्वामी शिवानंद याच काठावर राहिले आणि १९३६ मध्ये त्यांनी दिव्य जीवन संघ स्थापन केला. स्वर्गाश्रमाच्या बाजूला आश्रम, धर्मशाळा आणि घाट यांची रांगच आहे. शतकानुशतकं बद्री-केदारला पायी जाणारा यात्रेकरू इथूनच डोंगर चढायला लागायचा. पण ही परंपरा बाहेरच्या माणसाला दूर ठेवून वाढलेली नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्स येऊन राहिले आणि जगभरातल्या तरुणांना या गावाचं नाव कळलं. तो आश्रम पुढे ओस पडला, जागा वनखात्याकडे गेली, आणि २०१५ च्या अखेरीस राजाजी व्याघ्र प्रकल्पाने तिकीट लावून तो लोकांसाठी खुला केला. गावाला येणाऱ्याजाणाऱ्याची सवय जुनी आहे. म्हणून 'बाहेरच्यांनी बिघडवलं' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बाहेरचे कशासाठी येतात, किती येतात आणि मागे काय ठेवून जातात, असं सुटं सुटं विचारावं लागेल.

हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला, आणि तिथं जे झालं ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या नदीकाठच्या वाळूवरच्या कॅम्पांवर बंदी घातली. पांढऱ्या वाळूवर तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. शौचालयं, कचरा, रात्रीचा गोंगाट, सगळं पाण्यापासून काही पावलांवर. बंदी योग्यच होती. पण त्याच आदेशात लवादाने राफ्टिंगला वेगळं काढलं. राफ्टिंगने नदीचं गंभीर प्रदूषण होत नाही, ते चालू ठेवायला हरकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुढे जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्य सरकार धोरण आखेपर्यंत राफ्टिंग आणि इतर साहसी खेळ थांबवायला लावले. तिथंही मुद्दा नियमांचाच होता. खेळ कायमचा मोडून काढा असं कुणी म्हटलं नाही. काठावर वस्ती करणं आणि पाण्यावरून निघून जाणं यांतला फरक लवादाला दिसला. आपल्याला मात्र तो दिसत नाही. हेल्मेट डोळ्यात भरतं आणि हॉटेलच्या मागच्या बाजूने उतरणारा पाइप दिसत नाही, म्हणून असेल.

राफ्टिंग म्हणजे नेमकं काय, हे न उतरलेल्यांसाठी सांगतो. शिवपुरीला जीप तुम्हाला सोडते. तिथून ऋषिकेशपर्यंत साधारण १६ किलोमीटरचा पट्टा. रबराच्या एका तराफ्यात सात-आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात वल्हं, मागे गाइड. काठावरच तो शिकवतो: 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वल्हवायचं, 'स्टॉप' म्हटलं की हात वर, 'गेट डाउन' म्हटलं की आत बसून दोरी धरायची. पाण्यात पडलात तर घाबरून उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे, म्हणजे खडक आला तर पायाला लागेल, डोक्याला नाही. मग रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स अशा नावांचे खळाळ येतात. दोन खळाळांच्या मधल्या शांत पट्ट्यात गाइड म्हणतो, उतरा आता पाण्यात. दोरी धरून माणसं गंगेत तरंगतात. वर दोन्ही बाजूंना सालाची झाडं, अंगाखाली बर्फाचं वितळलेलं हिरवंगार पाणी. त्या काही मिनिटांत कुणी ओरडत नाही. इथं आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या आयुष्यात वाहत्या नदीत गळ्यापर्यंत उतरण्याची ती पहिलीच वेळ असते. पंचगंगेच्या गावातल्या मुलांची.

आणि तो गाइड. बहुतेक जण गढवालच्या आसपासच्या गावांतले. डोंगरातली गावं नोकरीअभावी ओस पडत असताना ही मुलं नदीमुळे घरी राहिली आहेत. त्यांच्याशी बोलत बसा. कोणत्या महिन्यात कोणता खडक पाण्याबाहेर येतो, मे महिन्यात बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायला लागलं की कोणता खळाळ सपाट होतो आणि कोणता धोक्याचा होतो, वरच्या वीजघराने पाणी सोडलं की किती वेळाने इथली पातळी चढते, हे त्यांना तोंडपाठ असतं. नदीकडे रोज इतकं बारकाईने पाहणारी माणसं अख्ख्या भारतात किती असतील? पाण्यात वास आला, रंग बदलला, मेलेलं जनावर अडकलं, तर पहिली बातमी त्यांना लागते. नदी आटली तर त्यांचं घर चालत नाही. नदी घाण झाली तर गिऱ्हाईक उतरणार नाही. नदी वाहती आणि स्वच्छ राहावी यात ज्याची भाकरी आहे, अशा माणसाला नदीकाठावरून हाकलून नदी पवित्र कशी होईल, हे मला कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर गंगा स्वतःच त्यांना बाहेर काढते, राफ्टिंग बंद असतं, आणि ते मुकाट्याने थांबतात.

मग नदीला इजा कशाने होते? ऋषिकेशच्या वर भागीरथीवर टिहरीचं २६०.५ मीटर उंचीचं धरण आहे, त्याखाली कोटेश्वर, अलकनंदेवर गढवालमधल्या श्रीनगरचा वीजप्रकल्प. गावाच्या खालच्या अंगाला पशुलोकचा बॅराज, तिथून पाणी चिल्लाच्या वीजघराकडे वळवलं जातं. म्हणजे देवप्रयागपासून ऋषिकेशपर्यंत आपण जी खळाळती गंगा बघून हात जोडतो, ती वरच्या धरणांच्या आणि खालच्या बॅराजच्या मधला उरलेला मोकळा तुकडा आहे. त्या तुकड्याच्या काठावर उतार कापून हॉटेलं चढतात. शनिवार-रविवारी दिल्लीकडून गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात रुग्णवाहिकासुद्धा अडकते. वर उभं राहणाऱ्या प्रत्येक खोलीचं सांडपाणी कुठेतरी जायला हवं असतं. सरकारने काही केलंच नाही असंही नाही. चंद्रेश्वरनगरच्या नाल्यावर जागा अपुरी म्हणून बहुमजली सांडपाणी प्रकल्प बांधला, २०२० मध्ये तो सुरू झाला. लक्कडघाटला २६ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला २ कोटी ६० लाख लिटर सांडपाण्याचा, प्रकल्प झाला. पण खोल्या आणि गाड्या वाढत राहिल्या तर प्रकल्प कायम मागेच धावणार.

इथं मला प्रा. जी. डी. अग्रवाल आठवतात. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव, आणि उतारवयात संन्यास घेऊन स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झालेले. इंजिनीअर म्हणून त्यांना धरण ठाऊक होतं, संन्यासी म्हणून गंगा. त्यांच्या आधीच्या उपोषणांनंतर भागीरथीवरचे लोहारीनाग-पाला, पाला-मनेरी आणि भैरोंघाटी हे प्रकल्प २०१० मध्ये सोडून देण्यात आले, आणि गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा २०१२ मध्ये संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. २०१८ मध्ये ते पुन्हा उपोषणाला बसले. ऑक्टोबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढली: हिमालयातल्या गंगेवरच्या धरणांनी नोव्हेंबर ते मार्च किमान २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के आणि मधल्या महिन्यांत २५ टक्के प्रवाह सोडलाच पाहिजे. त्याच आठवड्यात, ११ ऑक्टोबरला, उपोषणाच्या १११ व्या दिवशी ऋषिकेशच्या एम्समध्ये त्यांनी प्राण सोडला. त्यांची मागणी होती गंगा अविरल वाहू द्या. शिवपुरीच्या गाइडचीही मागणी तीच आहे, फक्त तो संन्यासी नाही. त्या संन्याशाच्या मृत्यूने आपल्या शहरात किती जण हळहळले? आणि राफ्टमधल्या मुलींच्या कपड्यांवर किती जण बोलले? पावित्र्याची चिंता असेल तर ती आधी पाण्याची असायला हवी.

राफ्टिंगला कसलीच मर्यादा नको असं मी म्हणत नाही. गर्दीच्या दिवशी एकामागे एक राफ्ट लागलेले असतात, खळाळात दोन तराफे एकमेकांवर येतात, पैसे वाचवायला काही जण जादा माणसं भरतात. दारू पिऊन पाण्यात उतरण्याचे प्रकार होतात. ती गंगा आहे, तिचं पाणी थंड आहे आणि ओढ जबरदस्त. घाटांवर साखळ्या लावलेल्या असतात त्या उगाच नाहीत. दिवसाला किती राफ्ट सोडायचे, गाइडचं प्रशिक्षण कोण तपासणार, लाउडस्पीकर काठावर चालणार नाही, याचे नियम कडक हवेत आणि मोडले तर परवाना जायला हवा. पण हाच न्याय हॉटेलला लावा, आश्रमाला लावा, यात्रा कंपनीला लावा. खोलीला मर्यादा, गाडीला मर्यादा, आश्रमाच्या नव्या मजल्यालाही मर्यादा. भगवी कमान लावली म्हणून सांडपाणी गोड होत नाही.

मर्यादा कोण ठरवणार, हा तिथला अवघड प्रश्न आहे. आपण ज्याला सरसकट ऋषिकेश म्हणतो ते तीन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. त्रिवेणी घाट आणि बाजार डेहराडून जिल्ह्यात, मुनी की रेती आणि तपोवन टिहरीत, पलीकडचं स्वर्गाश्रम पौडीत. वर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. प्रत्येकाची हद्द वेगळी आणि नदी एकच. लक्ष्मण झुल्याचं उदाहरण घ्या. आधीचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला, नवा १९३० मध्ये खुला झाला, आणि जुलै २०१९ मध्ये तज्ज्ञांनी तपासून तो भार झेपत नाही म्हणून बंद केला. लोक नाराज झाले, पण निर्णय झाला, कारण पुलाच्या बाबतीत कुणालातरी आकडा काढावाच लागतो. गावाच्या बाबतीत तसा आकडा काढून 'आज पुरे' म्हणण्याचं धाडस कुणी करत नाही. मे २०२४ मध्ये चारधामच्या वाटेवर इतकी गर्दी झाली की हरिद्वार-ऋषिकेशला जागेवर होणारी नोंदणी थांबवावी लागली आणि यात्रेकरू दिवस दिवस तिथं अडकून पडले. मोजणी आधी केली असती तर तीच माणसं घरून निघताना थांबली असती.

यात आपला वाटा काय, हे बोललं पाहिजे. कोल्हापूरहून ऋषिकेश २,००० किलोमीटरच्या घरात आहे. एवढं लांब जाऊन आपण तिथं राहतो किती? चारधामच्या सहलीत ऋषिकेशला बहुतेक एकच मुक्काम असतो. दुपारी पोहोचायचं, झुल्यावर फोटो, संध्याकाळी आरती, पहाटे राफ्टिंग, दहा वाजता बस पुढे. अशा पाहुण्याला गावाकडून हवं असतं ते पार्किंग, एका रात्रीची खोली आणि पटकन मिळणारं जेवण. लाखो लोकांनी हेच मागितलं की गाव तसंच बनतं. पाच दिवस राहणारा माणूस पायी चालतो, एकाच खोलीत राहतो, स्थानिक खाणावळीत जेवतो, सकाळी आश्रमात बसतो, दुपारी नदीवर जातो. त्याला साधना आणि साहस यांत निवड करावी लागत नाही, दोन्हीला वेळ असतो. म्हणून त्या पंचविशीतल्या मुलांची तक्रार मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांना माझं सांगणं आहे: ऋषिकेश सहलीत घालायचंच असेल तर नीट दिवस द्या, नाहीतर गाळा. शनिवार-रविवार टाळा. हॉटेल ठरवताना मैलापाण्याची सोय विचारा, जशी गरम पाण्याची विचारता. आणि उद्या उत्तराखंडने रोजच्या माणसांवर मर्यादा घातली, आपली नोंदणी नाकारली, तर 'देवाच्या दारात कसली बंदी' म्हणून गळा काढू नका. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या आल्या की महाद्वार रोडवर आपला जीव कसा मेटाकुटीला येतो ते आठवा. ऋषिकेशच्या रहिवाशाची बारमाही तीच गत आहे.

आता पंचगंगेकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा इथं आहे.

आमच्या आधीची पिढी नदीत पोहायला शिकली. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि मामाने घाटाच्या पायरीवरून ढकलून द्यायचं. पंचगंगेवर, रंकाळ्यात, कोटितीर्थावर पोरांची झुंबड असायची. तालमीतली मुलं मेहनत झाली की नदीवर जायची. बायका धुणं घेऊन यायच्या, गवळी म्हशी घेऊन. यातल्या काही गोष्टींनी पाणी खराबही होत होतं, ते मान्य. पण नदीच्या पाण्याला रोज शेकडो अंगं लागत होती. वास आला तर शेकडो नाकांना कळायचा, आणि त्या नाकांची माणसं पेठेत येऊन आवाज उठवायची. आज मुलं पोहायला तलावात जातात, शुल्क भरून, क्लोरीनच्या पाण्यात. आईबाप पाठवतात ते बरोबरच आहे, आजच्या पंचगंगेत मीही माझ्या घरातलं मूल सोडणार नाही. पहाटे घाटावर पोहायला येणारी थोडी जुनी मंडळी उरली आहेत, तीच नदीची शेवटची रखवालदार.

पोहणारे गेले, मग पिणारेही गेले. कोल्हापूरला २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने आलं, ५० किलोमीटरहून लांबून. ते हवंच होतं, त्यासाठी या शहराने अनेक वर्षं आंदोलनं केली. इचलकरंजी तर पंचगंगेच्या काठावर बसून कधी कृष्णेचं पाणी आणते, कधी दूधगंगेचं मागते, आणि दूधगंगेकाठचे शेतकरी नाही म्हणतात. का नाही म्हणणार? इचलकरंजीची निकडही खरी आहे: २०१२ मध्ये तिथं काविळीची साथ आली, माणसं दगावली. स्वतःची नदी गमावलेलं शहर दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायला लागलं की भांडण अटळ असतं. पण या सगळ्यात एक गोष्ट घडली: ज्यांना पंचगंगेचं पाणी तोंडात घ्यावं लागत होतं, त्यांची संख्या घटत गेली, आणि नदीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांचीही. नदीकडे उरले ते जयंती नाला, दुधाळी नाला, कापड प्रक्रिया उद्योगांचं रंगीत पाणी आणि कारखान्यांची मळी. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचा प्रकल्प आहे, तरी जयंती नाल्यावरचे पंप बंद पडले की मैला नदीत जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रात होते, आणि पंचगंगा त्या यादीत होती.

प्रवाहाचंही तसंच. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले जातात. हा बंधारा आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला, त्याच्यावर आपला ऊस उभा आहे, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण उन्हाळ्यात बंधाऱ्याबंधाऱ्याला पाणी तटून राहतं, वरून मैला येत राहतो, केंदाळ पसरतं, आणि शिरोळच्या बाजूला तेरवाडला मेलेल्या माशांचा खच दिसतो. त्याच्याही खाली नृसिंहवाडी आहे. पूर चढताना दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी माणसं धावतात. श्रद्धा तेवढीच खरी आहे जेवढी त्रिवेणी घाटावरची. हिमालयातल्या गंगेत किमान किती पाणी वाहिलं पाहिजे याचा टक्का कागदावर तरी लिहिलेला आहे. पंचगंगेत मार्च-एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याखाली किती पाणी वाहतं राहिलं पाहिजे, हे पाटबंधारे खात्याने आणि आपण सगळ्यांनी मिळून ठरवायला काय हरकत आहे? साखर कारखानदार आणि शेतकरी त्या बैठकीत असलेच पाहिजेत, कारण पाणी त्यांच्या मोटारींतून जातं.

आपल्याला नदीचा आकडा कळत नाही असं नाही. जुलैत पाऊस लागला की चहाच्या टपरीवरचा पोरगासुद्धा सांगतो, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आहे. इशारा ३९, धोका ४३, हे कोल्हापुरात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा, आणि कोणत्या गल्लीत कोणत्या पायरीला लागलं होतं ते घराघरात लक्षात आहे. तासातासाला आकडा जाहीर होतो, मोबाइलवर फिरतो, त्यावर माणसं सामान हलवतात, जनावरं हलवतात. म्हणजे यंत्रणा आहे, सवय आहे, आणि आकड्यावर विश्वासही आहे. फक्त ती चार-सहा आठवड्यांची आहे आणि भीतीपोटी आहे. पाणी उतरलं की उरलेले दहा-अकरा महिने नदीचा एकही आकडा आपल्याला ठाऊक नसतो. शिवपुरीच्या गाइडला तो ठाऊक असतो, कारण त्याला उद्या उतरायचं असतं.

म्हणून ऋषिकेशला जाऊन आलेल्या, राफ्टमधून गंगेत उतरलेल्या तरुण मुलामुलींकडे मी आशेने पाहतो. वाहत्या, स्वच्छ नदीत अंग सोडलं की कसं वाटतं हे त्यांना आता माहीत आहे. हे आपल्याला पंचगंगेत का मिळू नये, असं त्यांनी महापालिकेला, जिल्हाधिकाऱ्यांना विचारावं. गणपती नदीत न सोडता इराणी खणीत किंवा कुंडात विसर्जित करायला याच शहराने स्वतःला तयार केलं, घराघरातल्या तरुणांनी वडिलांना समजावलं, तेव्हा ते झालं. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे घाटावर पणत्या लावायला हीच मुलं येतात.

सुरुवात एका फलकाने करता येईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पंचगंगेच्या पाण्याचे नमुने नियमित घेतच असतं. स्नानायोग्य पाण्याचे देशाचे निकषही ठरलेले आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, जैविक ऑक्सिजनची मागणी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, आणि मैल्यातले जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये फार तर २,५००. हे तीन आकडे आणि त्यांच्यापुढे आजचं पंचगंगेचं मोजमाप, मराठीत, ठसठशीत अक्षरात, पंचगंगा घाटावर, राजाराम बंधाऱ्यावर, इचलकरंजीच्या नदीवेशीत आणि नृसिंहवाडीच्या पायऱ्यांवर लावावं. खाली एका ओळीत लिहावं, आज या पाण्यात उतरावं की नाही. पुराच्या फुटांसारखंच ते दर आठवड्याला बदलावं, बारा महिने, आणि पहिला फलक या दिवाळीनंतर बरगे घालण्याच्या आधी लागावा.